जुन्या उष्म्याचा जमाखर्च

‘पृथ्वी यापूर्वीही तापली होती.’ हवामानबदलावरच्या चर्चेत हे वाक्य केव्हा ना केव्हा येतेच. कोणी ते दिलासा म्हणून उच्चारतो, कोणी वाद मिटवण्यासाठी. वाक्य खरे आहे. पण अर्धवट आहे. ‘मागेही खर्च झाला होता’ एवढेच सांगून किती झाला, कुठून झाला, किती दिवसांत झाला हे न सांगणाऱ्या व्यापाऱ्याची वही कोणी मान्य करणार नाही. दिवाळीत वहीपूजन करणाऱ्या आपल्या समाजाला हे वेगळे सांगायला नको. म्हणून त्या जुन्या उष्म्याची वही स्वतः उघडून पाहायचे मी ठरवले. या विषयावरचे मुख्य शोधनिबंध प्रसिद्धीच्या क्रमाने वाचत गेलो. ठाम आकडा हाती येईल अशी माझी अपेक्षा होती. तो आला नाही. पण त्याहून उपयोगी असे काही हाती लागले, ते या लेखात मांडतो आहे.

ज्या घटनेचा दाखला सर्वाधिक दिला जातो ती सुमारे ५ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीची आहे. भूविज्ञानात पॅलिओसीन आणि इओसीन या दोन कालखंडांच्या सीमेवर ती येते. इंग्रजीतले तिचे लांबलचक नाव बाजूला ठेवून मी तिला ‘उष्णपर्व’ म्हणेन. डायनोसॉर नाहीसे होऊन तेव्हा एक कोटी वर्षे लोटली होती. ध्रुवांवर हिमाचे थर नव्हते. भारताचा भूखंड आशियापासून अजून सुटा होता आणि विषुववृत्ताच्या परिसरातून उत्तरेकडे सरकत होता. मुळातच उबदार असलेल्या त्या पृथ्वीचे सरासरी तापमान काही हजार वर्षांत आणखी पाच-सहा अंश सेल्सिअसने वाढले आणि पूर्ववत व्हायला दीड-दोन लाख वर्षे लागली.

समुद्रतळाचा पुरावा

या घटनेचा शोध हवामानबदलाच्या चर्चेतून लागलेला नाही. १९८७च्या सुरुवातीला ‘जॉइडीज रिझोल्यूशन’ हे संशोधनजहाज अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्रात समुद्रतळ छेदत होते. मॉड राइज नावाच्या उंचवट्यावर, जवळपास तीन किलोमीटर खोल पाण्याखाली, त्यांनी ६९० क्रमांकाचे छिद्र घेतले आणि गाळाचे लांब दंडगोल वर काढले. समुद्रतळाचा गाळ म्हणजे बहुतांशी फोरॅमिनिफेरा आणि तत्सम सूक्ष्मजीवांची चुन्याची कवचे. ती वर्षानुवर्षे खाली पडत राहतात, थरावर थर चढतो. कवच बनताना त्या पाण्यातल्या कार्बन आणि ऑक्सिजनची नोंद त्यात होते. ऑक्सिजनवरून तापमान कळते, कार्बनवरून कार्बनचक्रात काय चालले होते ते कळते.

जेम्स केनेट आणि लोवेल स्टॉट यांनी या गाळाचे जवळजवळचे नमुने तपासले आणि १९९१मध्ये ‘नेचर’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केला. थोड्याशा जाडीच्या गाळात तापमान एकदम चढले होते, कार्बनचे गुणोत्तर एकदम घसरले होते आणि नेमक्या त्याच जागी खोल समुद्राच्या तळावर राहणाऱ्या फोरॅमिनिफेरांच्या अनेक जाती संपल्या होत्या. एलन थॉमस यांच्या अभ्यासाने हा ऱ्हास पुढे ठळक केला. खोल समुद्रातल्या या तळजीवांच्या ३० ते ५० टक्के जाती तेव्हा नष्ट झाल्या. विशेष हे, की साडेसहा कोटी वर्षांपूर्वी डायनोसॉर संपले तेव्हा याच तळजीवांना फारसा धक्का लागला नव्हता.

एका छिद्रातल्या पुराव्यावर जगाचा इतिहास लिहिता येत नाही. पण पुढच्याच वर्षी, १९९२मध्ये, पॉल कॉख, जेम्स झाकोस आणि फिलिप जिंजरिच यांनी अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या बिगहॉर्न खोऱ्यातून तीच घसरण दाखवली. तिथे समुद्र नव्हता. पुरावा होता जुन्या मातीतल्या चुन्याच्या गाठींचा आणि सस्तन प्राण्यांच्या दातांचा. अंटार्क्टिकाजवळचा समुद्रतळ आणि वायोमिंगची माती एकाच वेळी एकच गोष्ट सांगत असतील, तर बदल साऱ्या हवेत आणि साऱ्या समुद्रात झालेला असणार. आज ही घसरण इतकी भरवशाची खूण मानली जाते, की इओसीन कालखंडाची अधिकृत सुरुवात तिच्यावरूनच ठरवतात. त्यासाठीचा प्रमाण थर इजिप्तमध्ये लक्सरजवळच्या दबाबिया इथल्या खाणीत आहे.

एक समीकरण, दोन अज्ञात

कार्बनचे गुणोत्तर घसरले म्हणजे काय, हे समजल्याशिवाय पुढचा वाद समजणार नाही. निसर्गातल्या कार्बनमध्ये जवळपास ९९ टक्के कार्बन-१२ असतो आणि सुमारे एक टक्का किंचित जड कार्बन-१३. वनस्पती हवेतून कार्बन घेताना हलक्याला झुकते माप देतात. म्हणून लाकूड, कोळसा, तेल, कुजलेला पालापाचोळा यांतला कार्बन समुद्रातल्या कार्बनपेक्षा हलका असतो. प्रमाण-नमुन्याशी तुलना करून हा फरक ‘दर हजारी’ मोजतात. वनस्पतीजन्य कार्बन सुमारे उणे २५. सूक्ष्मजीवांनी तयार केलेला मिथेन त्याहून हलका, सुमारे उणे ६०. ज्वालामुखीतून येणारा कार्बन उणे ५-६च्या आसपास.

उष्णपर्वात समुद्राचे गुणोत्तर सुमारे तीनने घसरले. म्हणजे हवेत आणि समुद्रात कुठून तरी हलका कार्बन येऊन मिसळला. किती? हा हिशेब मी कागदावर करून पाहिला. वाचकांनाही करता येईल. हवा आणि समुद्र मिळून सुमारे ४०,००० अब्ज टन कार्बन होता असे धरू. सुरुवातीचे गुणोत्तर सोयीसाठी शून्य, शेवटचे उणे ३. आलेला कार्बन मिथेनचा असेल, तर ही घसरण घडवायला सुमारे २,१०० अब्ज टन पुरतात. वनस्पतीजन्य असेल तर सुमारे साडेपाच हजार. ज्वालामुखीचा, उणे ६ गुणोत्तराचा असेल तर तब्बल ४०,०००. दुधात किती पाणी मिसळले ते दुधाच्या घनतेवरून काढता येते, पण मिसळलेले पाणीच होते हे ठाऊक असेल तर. इथे मिसळलेला पदार्थच ठाऊक नव्हता. समीकरण एक आणि अज्ञात दोन: किती, आणि कुठला. या विषयाचा पुढचा तीस वर्षांचा इतिहास म्हणजे दुसरे समीकरण शोधण्याचा इतिहास आहे.

पहिले उत्तर १९९५मध्ये आले. समुद्रतळाच्या गाळात थंडी आणि दाब यांमुळे मिथेन आणि पाणी मिळून बर्फासारखा पदार्थ बनतो. त्याला मिथेन हायड्रेट म्हणतात. पाणी तापले की तो वितळतो आणि मिथेन सुटतो. गेराल्ड डिकन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुचवले, की समुद्र तापला, हायड्रेट वितळले आणि सुटलेल्या मिथेनने ही घसरण घडवली. १९९७मध्ये त्यांनी हा तर्क मॉडेलमध्ये घालून पाहिला. हे मॉडेल म्हणजे एकमेकांना जोडलेल्या टाक्यांचा हिशेब होता. हवेची एक टाकी, उथळ समुद्राच्या, खोल समुद्राच्या टाक्या, तळाचा चुना, आणि एकीतून दुसरीत जाणाऱ्या कार्बनचे दर. त्यात त्यांनी १,१२० अब्ज टन मिथेन दहा हजार वर्षांत सोडला. गुणोत्तराची घसरण आणि सावकाश भरपाई गाळात दिसते तशीच निघाली. तर्क सुबक होता आणि काही वर्षे बहुतेकांनी तो स्वीकारला.

मात्र त्याच मॉडेलने आणखी दोन गोष्टी सांगितल्या होत्या. तापमान सुमारे दोन अंशांनी वाढेल आणि समुद्रात चुना विरघळू लागण्याची पातळी फार तर ४०० मीटरने वर सरकेल. मॉडेलचे मोल मला इथे कळले. जे जुळले त्यापेक्षा जे तपासता येईल असे सांगितले, त्यात त्याचे खरे मोल होते.

मातकट पट्टा

ती तपासणी २००३मध्ये झाली. हवेत वाढलेला कार्बन डायऑक्साइड समुद्रात मुरतो, पाणी आम्लाकडे झुकते आणि खोल तळावरची चुन्याची कवचे विरघळतात. समुद्राच्या एका ठरावीक खोलीखाली एरवीही चुना टिकत नाही. कार्बन वाढला की ही रेषा वर चढते. किती चढली हे कळले, तर किती कार्बन आला त्याचा स्वतंत्र अंदाज करता येतो, आणि त्यासाठी कार्बन हलका होता की जड याची फिकीर करावी लागत नाही.

दक्षिण अटलांटिकमधली वॉल्विस पर्वतरांग यासाठी सोयीची होती. तिच्या उतारावर आज २.७ ते ४.८ किलोमीटर खोलीच्या पाण्याखाली एकाच काळचा गाळ वेगवेगळ्या पायऱ्यांवर मिळतो. झाकोस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या उतारावर छिद्रे घेतली. प्रत्येक दंडगोलात पांढऱ्या चुनखडी गाळात अचानक एक तांबूस-तपकिरी मातीचा पट्टा होता. चुना विरघळून गेला होता, उरली होती फक्त माती. खोल छिद्रांत पट्टा जाड, उथळ छिद्रांत पातळ. चुना टिकेनासा होण्याची रेषा दहा हजार वर्षांपेक्षा कमी काळात दोन किलोमीटरहून अधिक वर आली होती आणि पूर्ववत व्हायला एक लाखाहून अधिक वर्षे लागली होती, असे त्यांनी २००५मध्ये ‘सायन्स’मध्ये मांडले.

चारशे मीटर आणि दोन किलोमीटर. सुचवलेल्या मिथेनमध्ये हे बसत नव्हते. आलेला कार्बन २,००० अब्ज टनांपेक्षा बराच अधिक असला पाहिजे, हे उघड झाले. २००८मध्ये कॅरला पँचुक, अँडी रिजवेल आणि ली कम्प यांनी ‘जीनी’ हे अधिक तपशीलवार मॉडेल वापरले. त्यात समुद्राच्या टाक्या नव्हत्या. प्रवाहांसह सगळा समुद्र जाळीच्या चौकटींत विभागला होता. जगभरच्या गाळातला चुना जुळवण्यासाठी त्यांना किमान ६,८०० अब्ज टन कार्बन लागला.

पुढच्या वर्षी रिचर्ड झीबी यांनी झाकोस आणि डिकन्स यांच्यासह ‘लॉस्कार’ नावाचे आपले मॉडेल चालवले आणि उत्तर आले ३,००० अब्ज टन किंवा त्याहून कमी, पाच हजार वर्षांत. मिथेनचा तर्क ज्यांनी मांडला ते डिकन्स या निबंधाचे सहलेखक आहेत, हे मला लक्षणीय वाटले. पण या निबंधाचा खरा मुद्दा दुसराच होता. एवढ्या कार्बनने हवेतला कार्बन डायऑक्साइड सुमारे ७० टक्क्यांनी वाढला असता आणि प्रचलित हिशेबाप्रमाणे तापमान एक ते साडेतीन अंशांनी. पुरावा मात्र पाच ते नऊ अंशांचा होता. उरलेली उष्णता कुठून आली? एक तर कार्बनचा आकडा कमी धरला गेला असेल, किंवा पृथ्वी कार्बनला आपण समजतो त्यापेक्षा अधिक तीव्र प्रतिसाद देते. दुसरी शक्यता आपल्या काळासाठी अधिक धास्तीची होती.

बोरॉनची साक्ष

दरम्यान संशयाची सुई पुन्हा ज्वालामुखीकडे वळत होती. त्याच सुमारास ग्रीनलंड युरोपापासून सुटत होता आणि उत्तर अटलांटिक उघडत होता. ग्रीनलंड, स्कॉटलंड, आयर्लंड, फेरो बेटे या भागात प्रचंड लाव्हा बाहेर पडला. आयर्लंडच्या किनाऱ्यावरचे प्रसिद्ध बहुकोनी दगडी खांब याच प्रांतातले. मुंबईत अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीचे काळे खांब पाहिलेल्यांना ही जातकुळी ओळखीची वाटेल. पण आपला दख्खनचा लाव्हा सुमारे एक कोटी वर्षे आधीचा आहे. उष्णपर्वाच्या कार्बनचा आरोप त्याच्यावर येत नाही.

अडचण होती ती गुणोत्तराची. नुसत्या ज्वालामुखी वायूने तीनची घसरण घडवायला अवाढव्य कार्बन हवा. २००४मध्ये हेन्रिक स्वेन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून वाट दाखवली. तेलशोधासाठी केलेल्या भूकंपीय पाहणीत नॉर्वेलगतच्या व्होरिंग आणि मोरे खोऱ्यांत समुद्रतळाखाली शेकडो जुनी विवरे दिसली होती. तप्त शिलारस जमिनीवर न येता सेंद्रिय द्रव्याने भरलेल्या गाळाच्या थरांत आडवा घुसला, त्याने तो गाळ भट्टीसारखा भाजला आणि त्यातून सुटलेला मिथेन व कार्बन डायऑक्साइड विवरे फोडून वर आला. म्हणजे ज्वालामुखीने आपलाच नव्हे, तर जुन्या सजीवांचा साठलेला कार्बनही बाहेर काढला. २०२१मध्ये यांतले एक विवर प्रत्यक्ष छेदले गेले. ख्रिश्चियन बर्न्ट आणि सहकाऱ्यांनी २०२३मध्ये दाखवले, की ते उष्णपर्वाच्या किंचित आधी सक्रिय झाले होते आणि तेव्हा तिथे पाणी अगदी उथळ होते. म्हणून वायू समुद्रात न विरघळता थेट हवेत जाऊ शकत होता.

हवे असलेले दुसरे समीकरण २०१७मध्ये मार्कस गुटयार आणि सहकाऱ्यांनी दिले. फोरॅमिनिफेरांच्या कवचात बोरॉनचा अंश असतो आणि बोरॉनच्या समस्थानिकांचे गुणोत्तर पाण्याच्या पीएचवर, म्हणजे आम्लतेवर, अवलंबून असते. ईशान्य अटलांटिकमधल्या एका जुन्या छिद्रातल्या कवचांवरून त्यांनी समुद्राच्या वरच्या थरातली आम्लता कशी बदलत गेली ते काढले. मग मॉडेल उलटे चालवले. इतका कार्बन सोडला तर काय होईल, असे विचारण्याऐवजी, आम्लता आणि कार्बनचे गुणोत्तर दोन्ही एकाच वेळी जुळायचे असतील तर कोणत्या काळात किती आणि कोणत्या जातीचा कार्बन सोडावा लागेल, असे विचारले. दोन अज्ञात, दोन समीकरणे.

उत्तर आले १०,००० अब्ज टनांहून अधिक, सरासरी गुणोत्तर उणे ११च्या आसपास. हे आकडे मिथेनकडे नव्हे, तर प्रामुख्याने ज्वालामुखीकडे बोट दाखवत होते. हवेतला कार्बन डायऑक्साइड दहा लाख भागांत साधारण ८७० वरून २,२०० भागांपर्यंत गेला होता, असे त्यांनी काढले. २००९मधला तापमानाचा मेळ न बसणारा हिशेबही यामुळे बराचसा जुळला. पण वाद संपलेला नाही. बोरॉनचा अर्थ लावताना तेव्हाच्या समुद्राची रासायनिक घडण गृहीत धरावी लागते आणि त्या गृहीतकांनुसार आकडा हलतो.

म्हणजे तीस वर्षांत एकूण रकमेचा आकडा हजारापासून दहा हजारांच्या पुढे गेला, मध्ये खाली आला, पुन्हा वर गेला. ‘यांना काहीच ठाऊक नाही’ असे म्हणायचा मोह इथे होतो. तसे म्हणण्याआधी तिसरा प्रश्न पाहिला पाहिजे: किती वेगाने?

तेरा वर्षे की चार हजार?

वेगासाठी घड्याळ लागते आणि नेमके याच काळात गाळाचे घड्याळ बिघडलेले आहे. चुना विरघळला तिथे मातीचा तो पट्टा किती वर्षांचा, हे ओळखणे कठीण. संशोधकांनी त्यासाठी तऱ्हेतऱ्हेच्या वाटा काढल्या. पृथ्वीच्या कक्षेतल्या आणि आसाच्या आवर्ती बदलांच्या खुणा मोजल्या. अवकाशातून सतत पडणाऱ्या धुळीबरोबर येणारा हेलियम-३ मोजला. धूळ ठरावीक गतीने पडते असे धरले, की थरातल्या हेलियमवरून काळ काढता येतो.

मग २०१३मध्ये एक निबंध आला आणि खळबळ उडाली. न्यू जर्सीच्या किनारपट्टीवरच्या ‘मार्लबरो क्ले’ या मातीच्या दंडगोलांत जेम्स राइट आणि मॉर्गन शॅलर यांना समान अंतरावरचे पट्टे दिसले. झाडांच्या वाढवलयांप्रमाणे एक पट्टा म्हणजे एक वर्ष असे त्यांनी मानले. मोजणी केली तर कार्बनची घसरण अवघ्या १३ वर्षांत झाली होती. हे खरे असते तर निसर्गाने आपल्यापेक्षा कितीतरी वेगाने कार्बन सोडल्याचे सिद्ध झाले असते, आणि ‘यापूर्वीही तापली होती’ या वाक्याला भक्कम आधार मिळाला असता.

उत्तर पुढच्याच वर्षी आले. पॉल पिअर्सन आणि सहकाऱ्याने दाखवले, की ते पट्टे वर्षांचे नव्हेत, छेदनयंत्राचे आहेत. छिद्र घेताना घट्ट मातीच्या चकत्या सुटतात आणि त्यांच्या फटींत यंत्राबरोबर सोडलेला चिखल शिरतो. संशोधक यंत्राची पावले मोजत होते. झीबी आणि इतरांनी दुसरा आक्षेप घेतला: इतक्या थोड्या वर्षांत इतका कार्बन हवेत आला असता, तर समुद्रात मुरायला त्याला वेळच मिळाला नसता; हवा आणि समुद्र यांच्या नोंदी एकमेकींशी जुळल्या नसत्या.

या प्रसंगाबद्दल मी बराच विचार केला. चूक हेतुतः झालेली नव्हती. नमुने सर्वांना तपासण्यासाठी खुले होते, म्हणून ती एका वर्षात सापडली. आणि त्याच वादातून पुढची युक्ती सुचली. २०१६मध्ये झीबी, रिजवेल आणि झाकोस यांनी न्यू जर्सीतल्या मिलव्हिल इथलाच दंडगोल घेतला, पण वर्षे मोजण्याचा नाद सोडला. त्यांनी विचारले: कार्बन आधी बदलला की तापमान? जड समुद्र तापायला वेळ घेतो. चुलीवरचे मोठे पातेले विस्तव पेटताच उकळत नाही. कार्बन झटक्यात आला असता, तर कार्बनची खूण पुढे आणि तापमानाची खूण मागे पडली असती. गाळात मात्र दोन्ही खुणा बरोबरीने सरकत होत्या. मॉडेलमध्ये वेगवेगळे वेग घालून पाहिल्यावर असे दोन्ही बरोबर सरकणे तेव्हाच जमले, जेव्हा कार्बन किमान चार हजार वर्षे येत राहिला. म्हणजे वर्षाला १.१ अब्ज टनांहून कमी.

आता बाकीचे आकडे शेजारी मांडू. स्पिट्सबर्गन बेटावरच्या दंडगोलावरून यिंग कुई आणि सहकाऱ्यांनी २०११मध्ये काढलेला कमाल वेग वर्षाला ०.३ ते १.७ अब्ज टन. बिगहॉर्न खोऱ्यातून गॅब्रिएल बोवेन आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये दोन वेगवान झटके दाखवले. त्यांचा वेग ०.९च्या आसपास किंवा त्याहून अधिक. गुटयार यांची रक्कम सर्वांत मोठी, पण ती दीर्घ काळावर पसरलेली. कमाल वेग ०.६च्याही खाली. रकमेबाबत ज्यांचे एकमेकांशी पटत नाही, त्यांचे वेग मात्र एकाच पातळीवर येतात: वर्षाला एक अब्ज टन, थोडे इकडे-तिकडे.

आज आपण कोळसा, तेल, वायू जाळून आणि सिमेंट बनवून वर्षाला सुमारे दहा अब्ज टन कार्बन हवेत सोडतो.

समुद्राला मिळालेला वेळ

दसपट वेगाने नेमका काय फरक पडतो? रक्कम सारखीच असेल तर परिणामही सारखाच, असे वाटणे साहजिक आहे. पण पृथ्वीकडे कार्बन पचवण्याच्या ज्या सोयी आहेत, त्या सगळ्या धीम्या आहेत. समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी खोल पाण्यात मिसळायला सुमारे हजार वर्षे लागतात. तळावरचा चुना विरघळून आम्लता सावरायला काही हजार वर्षे. आणि शेवटची, सर्वांत भरवशाची सोय म्हणजे खडकांची झीज. पावसाच्या पाण्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड खडक झिजवतो, ते क्षार नद्यांतून समुद्रात जातात आणि कार्बन चुन्याच्या रूपाने तळाशी बसतो. आपल्या सह्याद्रीतला बेसॉल्ट या कामात विशेष तरबेज. उष्ण आणि दमट हवेत तो वेगाने झिजतो. भूखंडाबरोबर उष्ण कटिबंधात आलेल्या दख्खनच्या दगडाने त्या काळात हवेतला कार्बन ओढून घ्यायला हातभार लावला, असे काही संशोधक मानतात. पण या सोयीला एक लाखाहून अधिक वर्षे लागतात. उष्णपर्वाची शेवटची दुरुस्ती बरीचशी याच मार्गाने झाली. ती संपता संपता समुद्रतळावर पूर्वीपेक्षाही अधिक चुना साठला. मातकट पट्ट्यावरचा गाळ त्यामुळे पुन्हा पांढरा दिसतो.

कार्बन हजारो वर्षे थोडा थोडा आला, तर यांतल्या पहिल्या दोन सोयी त्याच्या बरोबरीने चालतात. उष्णपर्वात समुद्राच्या वरच्या थराचा पीएच सुमारे ०.३ने उतरला तो हजारो वर्षांत. औद्योगिक काळापासून आतापर्यंत आपण तो ०.१ने उतरवला आहे आणि उत्सर्जन चढेच राहिले तर ०.३चा टप्पा याच शतकात गाठला जाईल. तेव्हा सर्वाधिक नाश झाला तो खोल तळावरच्या जीवांचा. वरच्या थरातले बरेचसे प्लवक स्थलांतर करून, आकार बदलून तगले. जमिनीवरही जीवांना हलायला वेळ मिळाला. बिगहॉर्न खोऱ्यात सापडणारा आदिम घोडा, सिफ्रिपस, तापमान चढत गेले तसा सुमारे ३० टक्क्यांनी लहान झाला आणि थंडावा परतल्यावर पुन्हा मोठा झाला. कुत्र्याएवढ्या त्या घोड्याला यासाठी लाखभर वर्षे मिळाली होती.

एक आक्षेप मी स्वतःलाच घेतला. हजारो वर्षांची सरासरी काढली, की तिच्यात एखादे वेगवान शतक दडू शकते. हे बरोबर आहे. गाळ शतकाचा तपशील सहसा राखत नाही. पण असे शतक सतत चालू राहिले असते तर रक्कम कुठल्या कुठे गेली असती, आणि कार्बन-तापमानाच्या जोडीने सरकणाऱ्या खुणाही तशा राहिल्या नसत्या.

झीबी आणि सहकाऱ्यांनी आपल्या निष्कर्षाला दिलेली मर्यादा मला महत्त्वाची वाटते. गेल्या ६ कोटी ६० लाख वर्षांत आजच्या वेगाला तोड नाही, असे ते म्हणाले. आणि म्हणून पुढे काय होईल हे भूतकाळाकडे पाहून पूर्णपणे सांगता येणार नाही, असेही. आतापर्यंत आपण सोडलेला कार्बन, जंगलतोडीसह, सुमारे ७०० अब्ज टन आहे. उष्णपर्वाच्या कोणत्याही अंदाजापुढे ही रक्कम लहानच. जमिनीखाली उरलेला साठा मात्र हजारो अब्ज टनांचा आहे. रकमेच्या बाबतीत आपण अजून उष्णपर्वाच्या अलीकडे आहोत. वेगाच्या बाबतीत केव्हाच पलीकडे गेलो आहोत. यातली पहिली गोष्ट अजून आपल्या हातात आहे.

‘पृथ्वी यापूर्वीही तापली होती.’ आता कोणी हे वाक्य माझ्यापुढे टाकले, तर मी ते खोडत नाही. होय, तापली होती, असे म्हणतो, आणि वॉल्विसच्या उतारावरच्या त्या मातकट पट्ट्याबद्दल सांगतो. पट्टा बारीकसा आहे. कार्बन यायला काही हजार वर्षे लागली, आणि तो निस्तरायला दीड लाखाहून अधिक.